घरातील खर्ज : सबवूफर जोडण्याविषयी

स्टेथोस्कोपला दोन तोंडे का असतात, हे आपल्या व्यवसायातील मंडळींना सांगावयास नको. सपाट पडद्याची बाजू उंच स्वरांसाठी आणि घंटेची बाजू खालच्या स्वरांसाठी. माइट्रल झडप अरुंद झाली असता येणारी गडगड किंवा तिसरा हृदयध्वनी घंटा अलगद टेकवली तरच ऐकू येतो. ती जरा दाबली, की खालची कातडी ताणली जाऊन तीच पडद्याचे काम करू लागते आणि खालचे स्वर गळून पडतात. घरातील ध्वनियंत्रणेतही अशीच विभागणी असते. लहान ध्वनिक्षेपक उंच व मधले स्वर सांभाळतात आणि तळाचा खर्ज सबवूफर नावाच्या वेगळ्या पेटीकडे सोपविला जातो. ही पेटी आपल्या तिगाव-पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात आता पुष्कळ घरांत दिसते. बहुधा ती नागपूरहून गाडीत घालून आणलेली असते, आणि जोडून देणारा माणूस काही तिच्यासोबत येत नाही. पेटी घरी आल्यावर पुढे काय करावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

प्रथम तिची गरज का पडते ते पाहू. पुरुष गायकाच्या काळी एकच्या पट्टीत षड्ज सुमारे १३९ हर्ट्झवर असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झवर. डग्ग्याचा घुमारा, पखवाजाची डावी पुडी, तिहेरी सुरांच्या पेटीतील खर्जाचे सूर हे सारे याच तळघरात राहतात. एखादा स्वर एक सप्तक खाली उतरवून तेवढ्याच जोराने वाजवायचा, तर ध्वनिक्षेपकाच्या पडद्याला चौपट अंतर मागेपुढे हलावे लागते. वीतभर उंचीच्या पेटीतील चार इंची पडद्याला ते साधत नाही.

तरीही साध्या ट्रान्झिस्टरवर तानपुरा तानपुराच वाटतो, याचे श्रेय आपल्या मेंदूला आहे. ६९ हर्ट्झचा मूळ स्वर कानी आला नाही, तरी १३९, २०८, २७७ ही त्याची वरची अपत्ये ऐकून मेंदू मूळ पुरुषाचा अंदाज बांधतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले होते, की आपल्या चर्मवाद्यांवरील शाईमुळे त्यांचे वरचे स्वर मूळ स्वराशी पूर्णांकी प्रमाणात बसतात. पाश्चात्त्य ढोलाला ते भाग्य नाही. म्हणूनच तबल्याचा स्वर ओळखता येतो आणि लहान यंत्रावरही तो तगून राहतो. मात्र अंदाज तो अंदाज. तळहाताच्या दाबाने डग्ग्यावर घेतलेली मींड प्रत्यक्ष ऐकणे आणि तिचा अंदाज बांधणे यांत जो फरक आहे, तो चांगला जोडलेला सबवूफर भरून काढतो. वाईट जोडलेला सबवूफर नुसती धडधड देतो आणि घरातील वडीलधाऱ्यांना संवादही नीट ऐकू देत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

आता जोडणी. 'पॉवर्ड' सबवूफर म्हणजे ज्याच्या पोटात स्वतःचा ॲम्प्लिफायर आहे असा. त्याला विजेची स्वतंत्र तार लागते आणि बाहेरून केवळ क्षीण संकेत पुरतो. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या, तर निम्मे घोटाळे टळतात. साध्या सीडी प्लेअरमधून निघणारा संकेत फार तर दोन व्होल्टचा असतो. याउलट, आठ ओहमच्या ध्वनिक्षेपकाला पन्नास वॅट देणाऱ्या ॲम्प्लिफायरच्या मागील टोकांवर वीस व्होल्टपर्यंत दाब येतो. ही वीस व्होल्टची तार दोन व्होल्टच्या छिद्रात खुपसली, की यंत्र बिघडलेच म्हणून समजा. कोणतीही तार लावण्यापूर्वी दोन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढावेत. केवळ बटण बंद करणे पुरेसे नाही.

घरात एव्ही रिसीव्हर असेल, तर काम अगदी सोपे आहे. त्याच्या पाठीवर 'सबवूफर आउट' असे लिहिलेले छिद्र असते. तेथून एकच आरसीए तार सबवूफरच्या 'एलएफई' छिद्रात न्यावी. ते नसल्यास 'लाइन इन'पैकी डाव्या छिद्रात लावावी. या तारेसाठी हजारो रुपये मोजण्याचे कारण नाही. जुन्या व्हिडिओच्या पिवळ्या टोकाची जाळीदार आवरणाची तारही हे काम चोख करते. मग रिसीव्हरच्या यादीत जाऊन इतर ध्वनिक्षेपक 'स्मॉल' आणि सबवूफर 'येस' असे सांगावे. आपल्या महागड्या पेट्यांना 'स्मॉल' म्हणणे पुष्कळांच्या जिवावर येते, परंतु त्या शब्दाचा अर्थ एवढाच, की ठरावीक वारंवारतेखालचा खर्ज त्यांच्याकडे पाठवू नये. ती वारंवारता, म्हणजे क्रॉसओव्हर, ८० हर्ट्झवर ठेवून आरंभ करावा. फार लहान पेट्या असतील, तर १०० किंवा १२०. एकदा हे काम रिसीव्हरने पत्करले, की सबवूफरवरील क्रॉसओव्हरची कळ पूर्ण उघडी, म्हणजे सर्वांत मोठ्या आकड्यावर ठेवावी. नाहीतर एकाच स्वराला दोन ठिकाणी कात्री लागते आणि मध्ये खड्डा पडतो.

खरी अडचण येते ती ज्यांच्या घरी जुना, नेक स्टिरिओ ॲम्प्लिफायर आहे त्यांची. त्याला सबवूफरसाठी छिद्रच नसते. असे ॲम्प्लिफायर आपल्याकडे आजही पुष्कळ आहेत आणि ते टाकून देण्याचे काही कारण नाही. सबवूफरच्या पाठीवर 'हाय लेव्हल' किंवा 'स्पीकर लेव्हल' असे लिहिलेली तारा आवळण्याची टोके आहेत का, ते पाहावे. असल्यास ॲम्प्लिफायरच्या डाव्या-उजव्या टोकांवरून ध्वनिक्षेपकांकडे जाणाऱ्या तारा आहेत तशाच ठेवून, त्याच टोकांवरून आणखी एक जोडी सबवूफरच्या या टोकांकडे न्यावी. लाल लाल टोकाला, काळी काळ्याला. ही टोके वीस व्होल्टसाठीच घडविलेली असतात आणि त्यांचा अंतर्गत रोध इतका मोठा असतो, की ॲम्प्लिफायरवर जवळजवळ काहीच भार पडत नाही. आपण शिरेतून तपासणीपुरते थोडे रक्त काढतो, त्याने रुग्णाला काही जाणवत नाही, तसेच. काही सबवूफरांवर आत येण्याची आणि बाहेर जाण्याची अशी दुहेरी टोके असतात. तेथे ॲम्प्लिफायरची तार आत घेऊन ध्वनिक्षेपकांची तार बाहेरून काढता येते. जुन्या ॲम्प्लिफायरबाबत मला हाच मार्ग सर्वांत बरा वाटतो, कारण आवाजाची मुख्य कळ फिरविली की सबवूफरही तिच्याबरोबर चढतो-उतरतो, आणि त्या ॲम्प्लिफायरचा स्वभावही खर्जात उतरतो.

या मार्गात एकच धोका आहे. आजचे काही छोटे डिजिटल ॲम्प्लिफायर 'ब्रिज' पद्धतीचे असतात. त्यांचे काळे टोक शून्य नसते, त्यावरही संकेत खेळत असतो. अशा यंत्राची डावी-उजवी काळी टोके सबवूफरमध्ये एकत्र आली, तर ॲम्प्लिफायर जळू शकतो. माहितीपत्रकात 'बीटीएल' किंवा 'ब्रिज्ड' असा शब्द दिसला, तर जाणत्यास विचारल्याशिवाय तार लावू नये.

'टेप आउट' या छिद्रातून सबवूफर जोडण्याची कल्पना अनेकांना सुचते. तेथील संकेत आवाजाच्या कळीला जुमानत नाही, त्यामुळे गाणे हळू केले तरी खर्ज दणाणतच राहतो. 'प्री आउट' असल्यास मात्र ते वापरावे. दूरचित्रवाणीच्या हेडफोन-छिद्रातून तार काढली, तर बहुतेक संचांचा स्वतःचा आवाज बंद होतो. साउंडबारसोबत येणारा बिनतारी सबवूफर त्या साउंडबारशीच बोलतो. तो दुसऱ्या यंत्राला जोडण्याची खटपट व्यर्थ आहे.

जोडणी झाली, वीज दिली आणि गाणे लावण्याआधीच पेटीतून 'घूं' असा अखंड आवाज येऊ लागला, तर घाबरू नये. हा आवाज आपल्या ओळखीचा आहे. ईसीजीच्या कागदावर रेषेला बारीक दाते पडतात ते ज्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे, तीच ही. ईसीजी यंत्रात त्यासाठी चाळणी असते. येथे ती लावता येत नाही, कारण सबवूफरचे सारे कार्यक्षेत्रच त्या वारंवारतेच्या आसपासचे. मूळ कारण शोधणे हाच उपाय. बहुधा दोन यंत्रे दोन वेगळ्या जागी जमिनीशी जोडलेली असतात आणि त्यांच्यामधील सूक्ष्म दाबफरकामुळे संकेताच्या तारेच्या जाळीतून प्रवाह वाहतो. निदान क्रमाने करावे. सबवूफरची संकेताची तार काढा. तरीही आवाज येत असेल, तर दोष पेटीतच आहे. थांबला, तर तार पुन्हा लावा आणि दूरचित्रवाणीला येणारी केबलची तार काढून पाहा. माझ्या पाहण्यात दहापैकी बऱ्याच घरी येथेच गुन्हेगार सापडतो, कारण केबलवाल्याची जाळी दूर कोठेतरी खांबावर जमिनीला टेकलेली असते. तिच्यासाठी वेगळा 'आयसोलेटर' मिळतो. केबल निर्दोष ठरली, तर सर्व यंत्रे भिंतीतील एकाच बोर्डावर घ्यावीत. चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर वीज गेली असतानाच जर खरखर येत असेल, तर दोष इन्व्हर्टरचा. तेथे साइन-लहरीचाच इन्व्हर्टर हवा.

'घूं' घालविण्याचा एक उपाय कोणीही सुचविला तरी करू नये, तो म्हणजे तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन काढून टाकणे. आवाज जातो, हे खरे. परंतु पुढे कधी पेटीतील ट्रान्सफॉर्मरचे आवरण फाटले, तर धातूच्या अंगावर २३० व्होल्ट येतात. संकेताच्या तारेची जाळी त्यांना ॲम्प्लिफायरच्या अंगावर, तेथून सीडी प्लेअरच्या आणि दूरचित्रवाणीच्या अंगावर नेते. ओल्या पायांनी आलेले मूल कोणत्या यंत्राला हात लावील, हे कोणी सांगावे? व्हेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांच्या घरी तरी तुटक्या पिनेचा प्लग नसावा. मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपिअरला तुटणारे गळती-रक्षक यंत्र बसविलेले असल्यास उत्तम.

आता पेटी ठेवायची कोठे? ८० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १४ फूट, ४० हर्ट्झची २८ फूट. एवढ्या लांब लहरीची दिशा कानाला कळत नाही. दोन कानांमधले अंतर तिच्यापुढे किरकोळच. म्हणून सबवूफर दूरचित्रवाणीच्या बाजूलाच ठेवला पाहिजे असे नाही. मात्र खोलीच्या मापाशी या लहरींचे नाते जुळते. बारा फुटांच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्झचा आणि पंधरा फुटांच्या खोलीत सुमारे ३८ हर्ट्झचा स्वर भिंतींमध्ये उभा राहतो. तो काही जागी दुप्पट फुगतो आणि खोलीच्या मध्यभागी जवळजवळ नाहीसा होतो. कोपऱ्यात पेटी ठेवली, तर सर्वांत जास्त, पण सर्वांत ओबडधोबड खर्ज मिळतो. जुने लोक जी युक्ती सांगतात ती हास्यास्पद दिसली तरी अचूक आहे. सबवूफर क्षणभर आपल्या बसण्याच्या खुर्चीपाशी ठेवावा, डग्गा स्पष्ट वाजणारी एखादी ध्वनिमुद्रिका लावावी, आणि आपण जमिनीलगत रांगत भिंतीच्या कडेने फिरावे. जेथे प्रत्येक ठोका सारखा व नेमका ऐकू येईल, ती जागा पेटीची. घरची मंडळी हसतील, त्यांना हसू द्यावे. पेटीवरील ० आणि १८० अंशांची 'फेज' कळ दोन्हीकडे फिरवून ज्या बाजूला खर्ज भरीव वाटेल, तेथे ठेवावी. दुसऱ्या बाजूला सबवूफर आणि मुख्य पेट्या एकमेकांना कापत असतात.

जोर किती असावा, हा प्रश्न तंत्राचा कमी आणि शरीरशास्त्राचा अधिक आहे. अंतःकर्णातील कॉक्लियात उंच स्वरांची जागा तळाशी, म्हणजे प्रवेशद्वाराजवळ, आणि खालच्या स्वरांची टोकाशी असते. गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक ज्या कार्यासाठी मिळाले, ते हेच. खर्जाची लहर टोकापर्यंत पोहोचताना वाटेतील उंच स्वरांचा प्रदेशही हलवीत जाते. त्यामुळे खर्ज जोराचा झाला, की उंच स्वर झाकले जातात. उलट मात्र फारसे घडत नाही. वार्धक्यात आधी उंच स्वरच कमी ऐकू येतात आणि शब्दांतील स, श, त, क ही व्यंजने नेमकी त्याच प्रदेशात असतात. घरातील सत्तरीच्या आजोबांना मालिकेतील संवाद कळेनासे झाले, म्हणून त्यांच्या श्रवणयंत्राला दोष देण्याआधी सबवूफरची कळ मागे फिरवून पाहावी. योग्य जोराची खूण अशी, की पेटी चालू असताना ती चालू आहे हे लक्षात येऊ नये आणि बंद करताच काहीतरी हरवल्यासारखे वाटावे.

फार मोठ्या खर्जाचे परिणाम कानापुरते मर्यादित नाहीत, हेही नोंदविले गेले आहे. २००४ साली 'थोरॅक्स' या नियतकालिकात बेल्जियमच्या डॉक्टरांनी मोठ्या आवाजातील संगीतानंतर न्यूमोथोरॅक्स झालेल्या चार रुग्णांचे वृत्त प्रसिद्ध केले. त्यांतील एकाला मोटारीत हजार वॅटच्या खर्ज-पेटीजवळ असताना दुखू लागले होते. चार रुग्णांवरून नियम बांधता येत नाही, आणि घरातील पेटी त्या पातळीला जात नाही. परंतु मिरवणुकीत ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला खेटून नाचलेला, छातीत एकाएकी दुखते म्हणणारा उंच, सडपातळ तरुण ओपीडीत आला, तर छातीचे क्ष-किरण चित्र घेण्यास विसरू नये. पश्चिम महाराष्ट्रात त्या भिंतीला 'डॉल्बी' म्हणतात, आपल्याकडे डीजे. गंमत अशी, की रे डॉल्बी यांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली कंपनी काढली, ती फितीवरील अनावश्यक खरखर कमी करण्यासाठी!

आपल्यापैकी पुष्कळांचे दवाखाने खाली आणि बिऱ्हाड वर, किंवा भिंतीपलीकडेच चार खाटांची खोली. तेथे सबवूफरचा प्रश्न रुग्णाच्या विश्रांतीचा होतो. तिगाव हे नागपूर-इटारसी लोहमार्गावरील स्थानक. मालगाडी जाताना रुळांजवळच्या घरात तिची शिटी ऐकू येण्याआधी कपाटातील भांडी थरथरतात, हा अनुभव येथील अनेकांचा असेल. खालचे स्वर जमिनीतून, स्लॅबमधून, भिंतीतून असेच प्रवास करतात. नऊ इंची विटांची भिंत बोलणे अडवते, पण खर्ज बराचसा सोडून देते. वरच्या खोलीत मध्यम वाटणारे गाणे खालच्या खाटेवरील रुग्णाला केवळ धपधप म्हणून ऐकू येते, आणि स्वरांविना धपधप ही स्वरांसहित गाण्यापेक्षा कितीतरी जाचक. टिनाच्या छपराचे घर असेल, तर पत्रे स्वतंत्रपणे वाजू लागतात. पेटीखाली जाड रबराचे किंवा फोमचे तुकडे ठेवल्याने जमिनीतून जाणारा भाग कमी होतो. हवेतून जाणारा भाग कमी करण्यास कळ फिरविणे हाच उपाय.

येथे कायद्याचा आकडाही थोडा फसवा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. घोषित शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४०. खासगी जागेतील ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा पाच डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. परंतु हे मोजमाप 'ए' पद्धतीचे आहे. मंद आवाजात कान खालच्या स्वरांना जितका कमी दाद देतो, तितके ते आकडे उतरवून धरते. ५० हर्ट्झवर ही सूट सुमारे ३० डेसिबलची. म्हणजे प्रत्यक्षात ८५ डेसिबलचा ५० हर्ट्झचा स्वर मोजयंत्रावर ५५ दाखवितो आणि दिवसाच्या मर्यादेत बसतो! शेजाऱ्याची तक्रार आणि यंत्राचा आकडा यांत तफावत पडली, तर शेजाऱ्यालाच खरे मानावे. रात्रीसाठी पुष्कळ रिसीव्हरांत 'नाइट मोड' असतो, तो वापरावा. नाहीतर दहानंतर सबवूफरचा प्लगच काढावा. मुख्य पेट्यांवर भजन किंवा बातम्या ऐकण्यास त्याची आवश्यकता नसते. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनांना तर मुळीच नाही.

राहता राहिली आपल्या मातीची गोष्ट. काळी कसदार जमीन पावसाळ्यात ओल धरते, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळते, आणि तिच्यात पुरलेल्या अर्थिंगच्या पट्टीचा मातीशी संबंध क्षीण होतो. पावसाळ्यात न येणारी 'घूं' उन्हाळ्यात येऊ लागली, तर कारण तेथे असण्याचा संभव आहे. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर आठवड्यातून एकदा बादलीभर पाणी ओतावे आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तिचा रोध मोजून घ्यावा. दवाखान्यातील ईसीजी आणि सक्शन यंत्रासाठी हे असेही करावयाचेच असते. मृगाच्या पहिल्या गडगडाटाला मात्र अर्थिंगच्या भरवशावर न राहता सबवूफर, ॲम्प्लिफायर आणि केबल या तिन्हींच्या तारा भिंतीपासून सोडवून ठेवाव्यात.